गरम झाल्यावर सेल्फ न घेणारी जुनी शेव्हरोले: दोष शोधण्याचा क्रम

सकाळी गॅरेजमधून काढताना गाडी पहिल्याच झटक्यात सुरू होते, तासभर सुरेख चालते, पण पेट्रोल भरायला थांबवली की पुन्हा सुरू व्हायचे नाव घेत नाही. बॉनेट उघडून पाऊण तास उभी ठेवली की काही घडलेच नव्हते अशा थाटात ती परत चालू होते. १९६७ ते १९७२ या काळातील कॅमेरो, शेव्हेल आणि नोव्हा या व्ही-८ गाड्या नव्याने बांधून रस्त्यावर आणणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा दोष कधी ना कधी येतोच. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरांत, अशा गाड्यांवर काम करताना मी तो वारंवार दुरुस्त केला आहे. गाडी माझ्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा मालकाने नवा स्टार्टर (इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर) आधीच बसवलेला असतो आणि दोष मात्र होता तिथेच असतो. म्हणून पुढील तपासण्या फुकटात होणाऱ्यापासून खर्चिक आणि अवघड तपासणीपर्यंत अशा क्रमाने लिहिल्या आहेत. हा क्रम मोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

लक्षणे

“गरम गाडी सुरू होत नाही” या एकाच तक्रारीखाली प्रत्यक्षात तीन वेगवेगळे दोष असतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरल्याशिवाय पाना हाती घेण्यात अर्थ नाही.

पहिल्या प्रकारात किल्ली फिरवल्यावर सोलेनॉइडचा (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचा) एकच ‘टक्’ असा आवाज येतो किंवा काहीच ऐकू येत नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र नीट लागलेले असतात. दुसऱ्या प्रकारात सेल्फ फिरतो, पण कण्हत-कुंथत. प्रत्येक कॉम्प्रेशनला तो अडतो आणि अधूनमधून इंजिन त्याला उलटा धक्का देते. तिसऱ्या प्रकारात सेल्फ थंड इंजिनावर फिरतो तितकाच चपळ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असतो, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरल्यावर काळा धूर सोडत ते कसेबसे सुरू होते. पहिल्या प्रकाराचा उगम विजेच्या मार्गात असतो, दुसऱ्याचा विजेच्या मार्गात, टायमिंगमध्ये (ठिणगी पडण्याच्या वेळेत) किंवा खुद्द स्टार्टरमध्ये वा इंजिनात, आणि तिसऱ्याचा पेट्रोलमध्ये किंवा इग्निशनमध्ये. तिसऱ्या प्रकारच्या गाडीवर स्टार्टर बदलून काहीही साध्य होत नाही.

गाडी बंद केल्यापासून किती मिनिटांनी सुरू करण्याचा प्रयत्न केला, हेही दर वेळी लिहून ठेवावे. बंद करताच लगेच किल्ली फिरवली तर सुरू होते आणि पंधरा मिनिटांनी होत नाही, असे असेल तर दोष निश्चितपणे उष्णता मुरण्याशी जोडलेला आहे. दोन्ही वेळा त्रास होत असेल तर आधी बॅटरी आणि चार्जिंगकडे पाहावे.

उष्णता नेमके काय करते

इंजिन बंद केले की पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही थांबतात, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि ब्लॉक यांत साठलेली उष्णता तशीच असते, आणि पुढची दहा ते वीस मिनिटे ती स्टार्टर, केबल आणि कार्बोरेटर यांच्यात मुरत जाते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे सोलेनॉइडच्या गुंडाळ्या १०० अंशांनी तापल्या तर त्यांचा रोध जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो, करंट त्या प्रमाणात घटतो आणि प्लंजर (आतला सरकता दांडा) ओढण्याचा जोर कमी पडतो. शेव्हरोलेच्या व्ही-८ वर हा सोलेनॉइड स्टार्टरच्या पाठीवरच असतो, आणि स्टार्टर इंजिनाच्या उजव्या बाजूला, एक्झॉस्टला लागून. फोर्डने त्या काळात स्टार्टरचा रिले दूर, फेंडरच्या आतल्या बाजूला ठेवला होता, आणि क्रायस्लरने १९६२ पासून गिअर रिडक्शनचा स्टार्टर वापरायला घेतला होता. त्यामुळे फोर्डची मस्टँग किंवा क्रायस्लरची डॉज चार्जर बाळगणाऱ्यांकडून ही तक्रार मला कमी ऐकू येते.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. याच रचनेच्या शेव्हरोले गाड्या नव्या असताना टेक्सास आणि ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात रोज सुरू होत होत्या. कारखान्याने केबल, जोडण्या आणि सोलेनॉइड यांत उष्णतेसाठी जी सवड ठेवली होती, ती गाडी पुन्हा बांधताना आपण कुठेतरी खर्च करून टाकतो. हेडर (मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी लावायच्या नळ्या) बसवल्याने उष्णता स्टार्टरच्या आणखी जवळ येते, ब्लॉक आणि फ्रेम चकचकीत रंगवल्याने अर्थिंग तुटते, कॉम्प्रेशन वाढवल्याने सेल्फवरचा भार वाढतो, बॅटरी डिकीत नेल्याने केबल लांबते. प्रत्येक बदल एकेकटा पाहिला तर क्षुल्लक असतो, पण सगळे मिळून सोलेनॉइडपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज इतके उतरवतात की थंड गाडी चालते आणि गरम गाडी चालत नाही. दोष शोधायचा म्हणजे ही सवड कुठे गेली ते शोधायचे.

हात घालण्यापूर्वी

बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या मुख्य केबलला फ्यूज नसतो. त्या टोकाला पाना लावायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी, नाहीतर पाना ब्लॉकला टेकताच वितळण्याइतका करंट त्यातून वाहील. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये; सपाट काँक्रीटवर जॅक स्टँड लावून, मागच्या चाकांना ठोकळे देऊनच खाली जावे. सेल्फ मारून पाहायच्या प्रत्येक तपासणीत गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. पेट्रोलच्या कामात अग्निशामक हाताशी असला पाहिजे, आणि स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडची टोके जोडून ठिणग्या पाडण्याची जुनी पद्धत पेट्रोलचा वास येत असताना मुळीच वापरू नये.

हेडलाइटची तपासणी

गाडी गरम आहे आणि सेल्फ घेत नाही, नेमक्या त्या क्षणी हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले तर मोठा करंट वाहतो आहे, म्हणजे सोलेनॉइडने काम केले आहे आणि अडचण बॅटरी, केबल, स्टार्टर किंवा इंजिन यांत आहे. दिवे जराही मंद झाले नाहीत तर किल्लीचा आदेश सोलेनॉइडपर्यंत पोहोचतच नाही किंवा अगदी क्षीण पोहोचतो आहे. या एका मिनिटाच्या तपासणीने पुढचे निम्मे काम वाचते.

बॅटरी आणि तिची टोके

बॅटरी रात्रभर विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. नुसत्या या आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण आतून थकलेली बॅटरीही विश्रांतीत १२.६ दाखवते. इग्निशन बंद पाडून दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात बॅटरीची लोड टेस्ट करून घ्यावी. अमेरिकेत ती बहुतेक ठिकाणी फुकट होते. टोके आणि क्लँप ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावेत. वरून स्वच्छ दिसणाऱ्या क्लँपच्या आतल्या बाजूला करडा थर असतो, तो क्लँप काढल्याशिवाय दिसत नाही.

अर्थिंग

नव्याने बांधलेल्या गाड्यांत मला सर्वाधिक वेळा दोष सापडला आहे तो इथे, म्हणून या तपासणीवर पुरेसा वेळ द्यावा.

स्टार्टरला जितका करंट पॉझिटिव्ह केबलमधून जातो, तितकाच ब्लॉकमधून निगेटिव्ह केबलने परत यावा लागतो. मूळ गाडीत ही केबल उघड्या लोखंडावर आवळलेली होती. आज आपण ब्लॉकवर शेव्हरोले ऑरेंज रंगाचे दोन-तीन थर देतो, ब्रॅकेटना पावडर कोटिंग करतो आणि त्या रंगावरच केबलची कडी ठेवून बोल्ट आवळतो. असा बोल्ट काढून पाहिला की कडीखाली नारिंगी रंगाचे अखंड वर्तुळ दिसते. फक्त वॉशरचे दात जिथे रुतले तिथे दोन-चार चकाकते ओरखडे असतात आणि त्यांच्या भोवतीचा रंग तापून तपकिरी पडलेला असतो. सेल्फचा सगळा करंट त्या ओरखड्यांतून आणि बोल्टच्या आट्यांतून जात असतो. थंड असताना ते कसेबसे निभावते, पण गाडी तापली की निभावत नाही.

उपाय स्वस्त आहे. कडी बसते तेवढी जागा सॅंडपेपरने उघड्या धातूपर्यंत घासावी, कडी आवळावी आणि नंतर गंज लागू नये म्हणून वरून ग्रीस किंवा रंग लावावा, आधी नव्हे. ब्लॉक आणि फायरवॉल यांच्यामधली विणलेली पट्टी बांधणीत हमखास हरवते, तीही पाहावी. ती नसेल तर बॉडीकडून परतणारा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर अशी केबल हाताला गरम लागली तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. बॅटरी डिकीत असेल तर परतीसाठी फ्रेमवर अवलंबून न राहता, पॉझिटिव्हइतकीच जाड स्वतंत्र केबल ब्लॉकपर्यंत आणावी.

व्होल्टेज कुठे गळते ते मोजणे

पंधरा-वीस डॉलरचा साधा मल्टीमीटर यासाठी पुरतो. कॉइलची मधली जाड वायर काढून ब्लॉकला टेकवून ठेवावी म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. एचईआय (जनरल मोटर्सचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन) डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याचा बॅटरीकडचा कनेक्टर काढावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, क्लँपवर नव्हे, आणि दुसरे स्टार्टरच्या मोठ्या केबलच्या बोल्टवर धरून सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. वाचन अर्ध्या व्होल्टच्या आत असले पाहिजे. मग निगेटिव्ह खांब आणि स्टार्टरचे लोखंडी अंग यांच्यात तेच करावे, इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त मला चालत नाही. शेवटी सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांच्या मध्ये मोजावे. सेल्फ फिरत असताना तिथेही ०.३ च्या आसपासच उतरले पाहिजे, जास्त असेल तर आतली तांब्याची चकती जळालेली आहे.

ही मोजणी गाडी गरम असताना, दोष दिसत असतानाच करायला हवी. केवळ थंड गाडीवर घेतलेले आकडे या दोषाबद्दल काहीच सांगत नाहीत. गरम हेडरच्या बाजूला हात घालणे धोक्याचे असल्याने मी मीटरच्या वायरी थंड असतानाच क्लिपने जोडून, उष्णतेपासून दूर वळवून वर आणून ठेवतो आणि मगच गाडी फिरवून आणतो. केबलमध्ये व्होल्टेज गळत असेल तर तिच्या जागी जाड केबल घालावी. पुढच्या बॅटरीसाठी २ किंवा १ गेज आणि डिकीतल्या बॅटरीसाठी १/० किंवा २/० गेज असा माझा प्रघात आहे. टोके दाबून बसवलेली असावीत. स्क्रूने आवळायची तात्पुरती टोके कायमची म्हणून ठेवू नयेत.

कॉइलची वायर काढून सेल्फ मारणे

दुसऱ्या प्रकारच्या लक्षणांसाठी, म्हणजे सेल्फ जड फिरत असेल तर, ही तपासणी फुकट आहे आणि तिचे उत्तर निःसंदिग्ध असते. गरम गाडीत सेल्फ अडखळतो आहे, अशा वेळी वर सांगितल्याप्रमाणे इग्निशन तोडून पुन्हा सेल्फ मारावा. आता तो मोकळा फिरू लागला तर स्टार्टर निर्दोष आहे. टायमिंग खूप पुढे आहे आणि पिस्टन वर पोहोचण्याआधीच जळलेले मिश्रण त्याला मागे ढकलते आहे.

मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा) बसवलेल्या इंजिनात आयडल सुधारावे म्हणून सुरुवातीचे टायमिंग १४, १६ किंवा त्याहून जास्त अंश ठेवले जाते, आणि गरम सिलिंडरमध्ये मिश्रण पटकन पेट घेते. टायमिंग लाइट लावून, व्हॅक्यूमची नळी काढून बंद करून, आयडलवरचा आकडा पाहावा आणि तो एका वेळी दोन अंशांनी मागे घेत जावा. मागे घेतलेले अंश वरच्या आरपीएमला हवे असतील तर डिस्ट्रिब्युटरमधली यांत्रिक ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आपोआप पुढे नेणारी रचना) वाढवून ते भरून काढता येतात. ते काम सवय नसलेल्याने अंदाजाने करू नये, कारण एकूण ॲडव्हान्स जास्त झाली तर पिस्टनच फुटतात. डॅम्परची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकाची) बाहेरची कडी जुन्या रबरावर सरकलेली असेल तर टायमिंगची खूणच खोटी असते. पहिल्या सिलिंडरचा खरा वरचा बिंदू पिस्टन स्टॉपने (प्लगच्या भोकात बसवायच्या अडथळ्याने) पडताळून घ्यावा.

जांभळी वायर

किल्ली फिरवूनही हेडलाइट मंद होत नसतील तर सोलेनॉइडच्या ‘एस’ टोकाला येणाऱ्या जांभळ्या वायरीकडे वळावे. हिचा प्रवास लांबचा आहे: बॅटरीपासून इग्निशन स्विच, तिथून ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रल सेफ्टी स्विच (गिअर पडलेला असताना सेल्फ रोखणारा), मग फायरवॉलमधला मोठा कनेक्टर आणि शेवटी इंजिनाच्या उष्णतेतून सोलेनॉइड. १९६९ पासून इग्निशन स्विच डॅशवरून स्टीअरिंग कॉलमवर गेला. पन्नास वर्षे जुन्या प्रत्येक पितळी टोकावर थोडे थोडे व्होल्टेज उतरते, आणि सोलेनॉइडला प्लंजर ओढण्यासाठी क्षणभर बराच मोठा करंट लागत असल्याने हा उतार आणखी वाढतो.

गरम गाडीत किल्ली फिरवलेली असताना ‘एस’ टोक आणि ब्लॉक यांच्यात मोजावे. बॅटरीच्या टोकांवर १२ च्या जवळपास असताना ‘एस’ वर १० च्या खाली मिळत असेल तर दोष या वायरीच्या मार्गात आहे. कनेक्टर उघडून हिरवट टोके साफ करावीत, न्यूट्रल स्विच जुळवावा, आणि त्यानेही भागत नसेल तर एक ४० अँपिअरचा रिले बसवावा: जांभळ्या वायरीने फक्त रिले चालवायचा आणि ‘एस’ टोकाला बॅटरीकडून येणाऱ्या, फ्यूज घातलेल्या, १० गेजच्या आखूड वायरीने वीज द्यायची.

अनेक जण याऐवजी फोर्ड पद्धतीचा रिले फेंडरवर बसवतात आणि स्टार्टरवर मोठा बोल्ट व ‘एस’ टोक पट्टीने कायमचे जोडून टाकतात. गाडी त्याने सुरू होते हे खरे, पण किल्ली सोडल्यावर फिरता मोटर स्वतःच वीज निर्माण करून सोलेनॉइडला धरून ठेवतो आणि पिनियन (स्टार्टरचे छोटे दातेरी चाक) उशिरा मागे येतो. आधुनिक कायम-चुंबकाच्या स्टार्टरवर हे जास्त जाणवते. म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही.

सेल्फ चपळ, पण इंजिन पेट घेत नाही

आता तिसरा प्रकार. अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, आणि पेट्रोलमधले हलके घटक त्याच्याही खूप आधी. बंद केलेल्या इंजिनावर कार्बोरेटरचे तापमान तिथपर्यंत सहज जाते. एअर क्लीनर काढून, गाडी बंद केल्यावर पाचएक मिनिटांनी टॉर्चच्या उजेडात आत पाहावे: बूस्टरच्या (आतल्या छोट्या तोटीच्या) तोंडातून पेट्रोलचे थेंब खालच्या थ्रॉटल प्लेटवर टपकत असतील तर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात उतरते आहे. अशा वेळी ॲक्सिलरेटर पंपासारखा वर-खाली न करता तळापर्यंत दाबून धरूनच सेल्फ मारावा, म्हणजे हवा भरपूर जाऊन ओलावा निघून जातो. थ्रॉटल हाताने उघडल्यावर पिचकारी उडालीच नाही तर उलट स्थिती आहे. वाटी रिकामी झाली आहे किंवा पंपाकडच्या नळीत वाफ अडकली आहे.

उपाय पुन्हा स्वस्तापासून. फ्लोटची पातळी आधी पाहावी, मग उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डखालचा हीट रायझर व्हॉल्व्ह. तो गंजून बंद अवस्थेत अडकला असेल तर गरम धूर सतत इनटेकच्या पोटातून, थेट कार्बोरेटरखालून जात राहतो; भेदक तेल घालून तो मोकळा करावा. त्यानंतर कार्बोरेटरखाली फिनॉलिकचा अर्धा इंच जाड स्पेसर घालावा, मात्र घालण्यापूर्वी मातीचे गोळे एअर क्लीनरवर ठेवून बॉनेट मिटवून पाहावे आणि वर जागा उरते का ते तपासावे. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी. इंजिनावर लावलेले काचेचे फिल्टर दिसायला देखणे असले तरी फुटले की आग लावतात. ते काढून टाकावेत. हिवाळी पेट्रोल मुद्दाम लवकर वाफ होणारे बनवलेले असते, त्यामुळे मिशिगनमध्ये एप्रिल-मे महिन्यांतल्या पहिल्या उष्ण दिवशी हा त्रास एकाएकी उफाळतो. टाकीतले जुने पेट्रोल संपवून नवे भरले की पुष्कळदा तो मिटतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून भरणाऱ्या ड्रीम क्रूझमध्ये मात्र गाड्या तासन् तास मुंगीच्या गतीने सरकतात, आणि तिथे स्पेसर व नीट बसवलेले पंख्याचे आवरण यांचाच उपयोग होतो.

पेट्रोल ठीक असेल तर ठिणगी पाहावी. पॉइंटच्या (उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या) इग्निशनमध्ये नव्या पॉइंटची फट ०.०१९ इंच आणि ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) ३० अंश असावी. तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर आणि कॉइल बदलून पाहणे स्वस्त पडते. जुन्या गाडीत नंतरच्या काळातले एचईआय बसवले असेल तर त्याला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. पॉइंटसाठी असलेल्या मूळ रोधक वायरीवरच ते जोडलेले असेल तर गरम झाल्यावर ठिणगी कमजोर पडते. त्याच्या मॉड्यूलखाली उष्णता वाहून नेणारा लेप आहे की नाही, हेही पाहावे.

उष्णतेला आडकाठी

वरचे सगळे निर्दोष ठरले, किंवा दुरुस्त करूनही अति उन्हात त्रास उरला, तरच सोलेनॉइडवर पत्र्याची मूळ ढाल किंवा उष्णतारोधक वेष्टन घालावे. हा उपाय पहिल्या दिवशी केला तर तो खराब अर्थिंग काही आठवडे झाकून ठेवतो आणि नंतर दोष गावापासून दूर कुठेतरी पुन्हा उभा राहतो.

स्टार्टर उतरवणे

इथपर्यंत आल्यावरच स्टार्टर काढावा. तो जड असतो आणि आडवे पडून छातीवर घ्यावा लागतो, म्हणून शेवटचा बोल्ट काढताना खाली आधार हवा. सोलेनॉइडचे झाकण उघडून तांब्याची चकती पाहावी. तिच्या कडेला काळे, खड्डे पडलेले अर्धचंद्र दिसले तर चकती उलटवून किंवा सोलेनॉइड बदलून भागते. ब्रश झिजलेले आणि बुशिंग सैल असतील तर आर्मेचर आत घासत असते.

परत बसवताना ब्लॉककडचे दोन बोल्ट खास खाचेदार दांड्याचेच असले पाहिजेत, कारण स्टार्टरची जागा तीच दांडी ठरवते. बाजारातले साधे ३/८ बोल्ट चालत नाहीत. पुढच्या टोकाला ब्लॉकशी बांधणारा आधाराचा ब्रॅकेटही लावावा. बहुतेक गाड्यांत तो गायब असतो, आणि त्याच्यावाचून स्टार्टर प्रत्येक वेळी तिरका होतो. पिनियन आणि फ्लायव्हीलच्या दातांमध्ये किमान ०.०२० इंच फट असावी. सेल्फ फिरत असताना बारीक किंचाळी येत असेल तर फट जास्त आहे, शिम (स्टार्टर आणि ब्लॉक यांच्यामधली पातळ पत्री) काढावा. इंजिन सुरू होऊन किल्ली सोडताना किंचाळी येत असेल तर फट कमी आहे, शिम घालावा. नवा गिअर रिडक्शनचा स्टार्टर घ्यायचाच असेल तर आधी फ्लायव्हीलचे दात मोजावेत: १५३ दातांसाठी बोल्ट सरळ रेषेत असतात आणि १६८ दातांसाठी तिरके. हेडर लावलेल्या उच्च कॉम्प्रेशनच्या इंजिनावर हा खर्च सार्थकी लागतो, पण केबल आणि अर्थिंग नीट केल्यानंतरच.

इथे थांबावे

काही खुणा दिसल्या तर घरगुती काम तिथेच बंद करून व्यावसायिकाकडे जावे. सेल्फ एकाएकी, भिंतीला धडकल्यासारखा अडला तर पुन्हा किल्ली फिरवू नये; सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साठलेले असू शकते आणि त्या जोरात कनेक्टिंग रॉड वाकतो. आठही प्लग काढून, गरम इंजिन क्रँकच्या बोल्टवर पान्याने फिरवताना ते थंडपेक्षा स्पष्टपणे जड लागत असेल तर बेअरिंगची किंवा पिस्टनची फट चुकलेली आहे. ते मशीन शॉपचे काम आहे, आणि असे इंजिन चालवत राहणे म्हणजे सगळा खर्च पाण्यात घालणे. फ्लायव्हीलचे दात तुटलेले दिसले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. घरी लिफ्ट आणि ट्रान्समिशन जॅक नसेल तर त्यात पडू नये. स्टार्टरच्या बोल्टाचे आटे ब्लॉकमध्ये गेले असतील, किंवा ब्लॉकच्या त्या कोपऱ्याला तडा दिसत असेल, तर तेही गॅरेजच्या जमिनीवर आडवे पडून करण्याचे काम नव्हे. वायरिंगचे आवरण वितळलेले किंवा डॅशमागे जळका वास असेल तर बॅटरी ताबडतोब तोडून गाडी वाहून न्यावी, चालवून नव्हे.

व्यावसायिकाकडे जाताना सोबत एक कागद न्यावा. त्यावर लक्षण कोणत्या प्रकारचे आहे, किती मिनिटांनी दिसते, थंड आणि गरम असताना बॅटरीवर, पॉझिटिव्ह केबलवर, अर्थिंगवर आणि ‘एस’ टोकावर आलेले आकडे, सुरुवातीचे टायमिंग, कॅम आणि कॉम्प्रेशनची माहिती, फ्लायव्हीलच्या दातांची संख्या आणि आतापर्यंत बदललेले भाग, इतके लिहिलेले असावे. मेकॅनिकला गाडी दाखवायची ती गरमच. थंड गाडी टोइंगवर पोहोचवली तर ती त्याच्या अंगणात पहिल्या झटक्यात सुरू होईल, म्हणून चावी देताना अर्धा तास चालवून आणण्याची आणि बंद करून पंधरा मिनिटे थांबण्याची सूचना आवर्जून करावी.